मराठवाड्यात उघड्यावर गुलाब लावायचाय? कलमं आणायच्या आधी हे वाचून घ्या

गुलाब लावायचा म्हणलं की नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, रोप कुठं मिळतं आणि कितीला पडतं. खरं तर हा प्रश्न पाचव्या नंबरचा आहे. आपल्याकडं बाग जाते ती एप्रिल-मेच्या पाणीटंचाईमुळं, आणि परवडत नाही ती गिऱ्हाईक न बघता लावल्यामुळं, नुसतं रोप खराब निघालं म्हणून बाग मोडली असं फार कमी बघायला मिळतं. म्हणून मी क्रम असा लावलाय : आधी पाणी, मग बाजार, मग कागदपत्रं, मग जमीन, आणि मग रोप.

हे सगळं उघड्या शेतातल्या ग्लॅडिएटर गुलाबाबद्दल आहे बरं का. पॉलीहाऊसमधला डच गुलाब हा वेगळा धंदा आहे. मावळात, तळेगावच्या बाजूला हवा थंड, पुणे-मुंबई दोन्ही बाजार हाताशी, तिथं टॉप सिक्रेट, ताजमहाल, गोल्ड स्ट्राईक असल्या जाती जमतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आतमध्ये भट्टी होते, आणि डोक्यावर बँकेचा हप्ता असतो तो वेगळाच. ज्याला फुलांचा एक पण हंगाम माहीत नाही त्यानं पॉलीहाऊसनं सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कंपनीचा माणूस काहीही सांगू द्या. ग्लॅडिएटर ही १९५५ सालची अमेरिकन हायब्रीड टी (मोठ्या फुलांच्या गुलाबांचा गट) जात, रंग गुलाबीकडं झुकणारा लाल, फूल मोठं, झाड काटक, ऊन सोसतं. बाजारात जी गुलाबगड्डी म्हणून विकली जाते ती बऱ्याचदा हीच.

१. पाण्याचा हिशोब कागदावर मांडा

सुरुवात १० गुंठ्यांवर करा, जास्त नको. ४ बाय २ फुटावर लावलं तर १० गुंठ्यांत साधारण साडेतेराशे झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला ४-५ लिटर पाणी धरा, म्हणजे रोजचे साडेपाच ते पावणेसात हजार लिटर. एप्रिल-मे मिळून चार लाख लिटरपर्यंत झाले. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या शेततळ्यात, बाजू आत उतरत्या असल्यामुळं, ४४१ घनमीटर म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर मावतं, ते पण मार्चच्या शेवटाला काठोकाठ असेल तर, आणि उन्हानं उडून जाणारं पाणी मी धरलेलंच नाही. आता तुमच्या विहिरीकडं बघा. "फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं" असं उत्तर असेल तर गुलाब नको, शेवंती किंवा झेंडू करा, चार महिन्यांत मोकळे व्हाल. गुलाब पाच-सहा वर्षं जाग्यावर राहणारं झुडूप आहे, त्याला मे महिना सुट्टी घेता येत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी तपासून घ्या, नुसतं किती आहे ते बघू नका, कसं आहे ते पण बघा. खोल बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं लागतं आणि गुलाबाला खारं पाणी सोसत नाही, पानाच्या कडा जळाल्यासारख्या होतात आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात. रिपोर्टमध्ये ईसी (पाण्याच्या खारेपणाचा आकडा) १ च्या आत असेल तर निवांत रहा. जास्त असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी मिसळायची सोय आहे का बघा, नसेल तर इथंच थांबा.

२. गिऱ्हाईक आधी, लागवड मागून

तुमच्या गावापासून तासाभराच्या अंतरात फूल कोण घेतं ते हिंडून बघा. हार-बुके करणारी दुकानं, लग्नाची आणि गाड्यांची सजावट करणारी पोरं, मंगल कार्यालयं. देवस्थानं तर आपल्याकडं भरपूर, तुळजापूर, परळी, औंढा, अंबाजोगाई, वेरूळ, खुलताबादचा भद्रा मारुती, शिवाय दर्ग्यांवर गुरुवारी चादरीला गुलाब लागतोच. एका चांगल्या हारवाल्याकडं दोन दिवस सकाळी नुसतं उभं रहा, तो माल कुठून आणतो, किती आणतो, किती फेकून देतो सगळं कळतं. माल बहुतेक बाहेरूनच येतोय असं दिसलं तर तुमच्यासाठी जागा आहे, कारण प्रवासात एक दिवस गेलेलं फूल आणि सकाळी तोडलेलं फूल यातला फरक त्याला तुमच्यापेक्षा चांगला कळतो.

लांबचा बाजार हा दुसरा पर्याय. नांदेड, उदगीर, देगलूरकडच्यांना हैदराबादचं गुडीमल्कापूर मार्केट आहे, बाकीच्यांना पुण्याचं गुलटेकडी नाहीतर मुंबईत दादर. पण तिथं खोकं पाठवायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स, हमाली, आडत हे सगळं आलं. पट्टी (आडत्याचा विक्रीचा हिशोब) आली की खालचा आकडा बघून खिशात घालू नका, काय काय कापलं ते ओळीनं वाचा. १० गुंठ्यांचा माल जवळच खपायला पाहिजे, लांबचा बाजार फक्त जास्तीच्या मालासाठी.

व्हॅलेंटाईन डेचं वेड डोक्यातून काढा. त्या आठवड्यात दुकानदाराला लांब दांड्याचा, गडद लाल डच गुलाब पाहिजे असतो, ग्लॅडिएटर त्याच्या पुढं टिकत नाही. आपली खरी कमाई लग्नसराई, नवरात्र आणि रोजची हाराची दुकानं इथं आहे. पितृपक्षात भाव पडतो, त्याची तयारी मनात ठेवा.

३. कागदपत्रं, आणि पूर्वसंमतीचा सापळा

ठिबक असो नाहीतर फुलशेतीचं अनुदान, अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवरच करायचा असतो. हे जवळ ठेवा :

- ७/१२ आणि ८अ, अलीकडचे काढलेले
- आधार, आणि आधारला जोडलेलं बँक खातं
- ॲग्रीस्टॅकचा (शेतकऱ्यांची सरकारी डिजिटल नोंदणी) शेतकरी ओळख क्रमांक, आता याच्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही
- लागू असेल तर जातीचा दाखला
- ७/१२ सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र
- विहीर किंवा बोअरची ७/१२ वर नोंद

शेवटची ओळ लोक सोडून देतात आणि मग तलाठ्याकडं चकरा मारतात, अर्ज करायच्या आधीच नोंद करून घ्या. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के, वर राज्याचं पूरक अनुदान धरून ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. पण सगळ्यात मोठा सापळा हा की पूर्वसंमती पत्र (अर्जाची लेखी मंजुरी) यायच्या आधी खरेदी केली, बिल आधीच्या तारखेचं निघालं, तर अनुदान विसरा. दुकानदार म्हणतो "घेऊन जा हो, बिलाचं बघू नंतर", तर घेऊन जाऊ नका. आणि पैसे यायला वेळ लागतो हे धरूनच चाला, अनुदानाच्या भरवशावर उधारी करू नका. रोजगार हमीतून पण गुलाबाची लागवड बसते, त्याला जॉब कार्ड लागतं, ग्रामपंचायतीत आणि कृषी सहायकाकडं विचारा.

४. जमीन

मध्यम, मुरमाड-तांबूस, पाणी निथळणारी जमीन मिळाली तर सोनं. काळी कसदार जमीन बघून खूश होऊ नका, कापसाला जी चांगली ती गुलाबाला चांगली असं नसतं. परीक्षा सोपी आहे, दीड फुटाचा खड्डा घ्या, पाण्यानं भरा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर मुळं कुजणार. भारी जमीनच असेल आणि दुसरी नसेल तर फूट-सव्वा फूट उंच गादीवाफे करून वर लावा आणि दोन्ही बाजूंनी चर काढा.

चुनखडी पण बघा. मातीच्या ढेकळावर पाणी मिसळलेल्या ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि जोरात फसफसलं तर चुनखडी जास्त आहे. अशा जमिनीत नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ती लोहाची कमतरता. लोक युरिया टाकतात, त्यानं काही होत नाही, चिलेटेड लोह द्यावं लागतं. माती परीक्षण करून घ्या, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात होतं, खरपुडी, तुळजापूर, सगरोळी अशी केंद्रं आहेत, परभणीला विद्यापीठ आहेच. खताचा डोस मी मुद्दाम देत नाही, शेजाऱ्याचा डोस तुमच्या मातीला लागू पडत नाही.

५. कलमं आणि लागवड

जंगली खुंटावर डोळा भरलेलं कलम घ्या, म्हणजे खाली रानगुलाबाचं बूड आणि त्यावर चांगल्या जातीचा अंकुर (डोळा) बसवलेला. रोपवाटिकेत गेलात की पिशवी उचलून बघा : डोळा भरलेली जागा जुळलेली, घट्ट पाहिजे, फूट किमान वीतभर आणि ती डोळ्यातूनच निघालेली पाहिजे. काही ठिकाणी डोळा मेलेला असतो आणि खालून खुंटाचीच फूट हिरवीगार दिसत असते, वरवर बघणाऱ्याला तेच रोप जोमदार वाटतं. घरी आणून सहा महिन्यांनी त्याला बारीक रानगुलाबाची फुलं येतात. बिल घ्या, जातीचं नाव बिलावर लिहून घ्या.

मे महिन्यात दीड बाय दीड बाय दीड फुटाचे खड्डे घेऊन उन्हात तापू द्या. भरताना माती, सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखत. शेणखत पूर्ण कुजलेलंच पाहिजे, अर्धं कच्चं टाकलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) आलीच म्हणून समजा. एक-दोन चांगले पाऊस झाले की जून-जुलैत लावा. डोळ्याची जागा जमिनीच्या दोन इंच वर राहिली पाहिजे, हे मजुरांना दहा वेळा सांगा, कारण ते सवयीनं गळ्यापर्यंत माती ओढतात. पिशवी ब्लेडनं कापा, ओढून काढू नका, मुळाचा गोळा फुटतो.

पहिले तीन-चार महिने येणारी कळी खुडून टाका. जीवावर येतं, बघणारे पण हसतात, पण झाडाला आधी फांद्या आणि मुळं करू द्या. आणि डोळ्याच्या खालून निघालेली प्रत्येक फूट बुडापासून उपटून काढा, कात्रीनं वरून कापली तर दोनाच्या चार होतात.

लागणारं सामान फार नाही : छाटणीची चांगली कात्री (इथं पैसे वाचवू नका, बोथट कात्रीनं फांदी चेंगरते), जाड हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, प्लॅस्टिकच्या बादल्या, पाठीवरचा पंप, रबर बँड, जुनी वर्तमानपत्रं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, काटे रोज लागणार आहेत.

६. छाटणी, म्हणजे सगळा खेळ

खत-पाणी एक वेळ मागंपुढं झालं तर झाड सांभाळून घेतं, छाटणी चुकली तर आख्खा हंगाम जातो.

मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस निघून गेल्यावर. पाऊस रेंगाळला तर थांबा, ओल्या हवेत केलेले काप सडतात. छाटणीच्या आधी आठ-दहा दिवस पाणी तोडून ताण द्या, हलक्या जमिनीत कमी दिवस, भारीत जास्त. मग वाळलेल्या, काडीसारख्या बारीक, आत वळलेल्या, एकमेकीवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा. चार-पाच जोमदार फांद्या ठेवा आणि त्या दीड फुटाच्या आसपास कापा. काप कुठं घ्यायचा तर बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला. डोळा आतल्या बाजूचा ठेवला की फूट आत येते, मध्ये गर्दी होते, हवा खेळत नाही आणि भुरीला (पानावरच्या पांढऱ्या बुरशीला) घर मिळतं.

काप घेतल्यावर फांदीच्या तोंडाकडं बघायची सवय लावा. आतला गाभा पांढरा पाहिजे. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर रोग खाली उतरलाय, अजून दोन इंच खाली कापा, परत बघा, पांढरं लागेपर्यंत कापत जा. हीच ती फांदीमर. तशीच सोडली तर काळी रेघ वरून खाली सरकत सरकत डोळ्याच्या जागेपर्यंत येते आणि मग झाड उपटण्याशिवाय इलाज राहत नाही. अशा फांदीनंतर कात्री फडक्यानं आणि औषधानं पुसा, मगच पुढच्या झाडाला लावा.

जाड कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मग एकत्र करायचं, भांडं प्लॅस्टिकचं, लोखंडी नको. छाटलेल्या काड्या आणि खाली पडलेली पानं शेताबाहेर नेऊन जाळा, बांधावर ढीग घालून ठेवू नका. मग खत, आणि पाणी सुरू.

छाटणीपासून फूल यायला सहा-सात आठवडे लागतात, कडाक्याची थंडी असेल तर चार-आठ दिवस जास्त. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलं की नोव्हेंबरअखेरीला माल सुरू, तुळशीचं लग्न झाल्यावर लग्नं लागतात त्यात बरोबर सापडतो. दहाही गुंठे एका दिवसात छाटू नका. तीन तुकडे करा आणि आठ-आठ दिवसांनी छाटा, नाहीतर सगळा माल एकदम येतो, दुकानदार भाव पाडतो आणि पंधरा दिवसांनी तुमच्याकडं द्यायला फूल नसतं.

७. रोग-किडी, ज्या खरंच येतात

पावसाळ्यात काळे ठिपके. पानावर काळे गोल डाग, मग पान पिवळं होऊन गळतं. पान रात्रभर ओलं राहिलं की वाढतो, म्हणून तुषार नको, ठिबकच. गळलेली पानं गोळा करा, मॅन्कोझेब लिटरला २ ते अडीच ग्रॅम.

थंडीत भुरी. दिवसा ऊन, रात्री गारठा, कोवळ्या शेंड्यावर पिठासारखी पांढरी पूड. पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, पण ऊन तापायला लागलं की गंधक मारू नका, पानं करपतात.

उन्हाळ्यात लाल कोळी, आणि हाच आपल्याकडचा खरा शत्रू. पानं फिकट, बारीक टिपके पडल्यासारखी दिसतात, नंतर जाळी होते. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, कागदावर ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. इथं लोक दुकानातून एखादं जहाल सिंथेटिक कीटकनाशक आणून मारतात, त्यानं कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. कोळीनाशकच मागा, एकच औषध सारखं वापरू नका, लेबल वाचा, आणि पानाच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारलं तरी बराच कमी होतो. फुलकिड्यांनी पाकळीची कड तपकिरी होते, कळी उमलत नाही, त्याला निळे चिकट सापळे लावा आणि खराब कळ्या खुडून नष्ट करा.

फवारणी संध्याकाळी, तोडणी झाल्यावर. आणि एक महत्त्वाचं, कोणी गुलकंदाला पाकळ्या मागितल्या तर या बागेतल्या देऊ नका. गुलकंदाचे गुलाब वेगळे असतात आणि हा माल फवारलेला आहे, पोटात जायचा नाही.

८. तोडणी आणि गड्डी

गुलाब म्हणजे दुभती म्हैस, तिला लग्न-कार्य, आजारपण, पाहुणे काही कळत नाही, रोज वेळेवर हात लागलाच पाहिजे. घरात निदान दोन माणसं तोडणी शिकलेली पाहिजेत.

कळीखालची हिरवी पानं मागं वळलेली, बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सैल झालेली, पण कळी अजून बंद, ही तोडायची वेळ. फार कच्ची तोडली तर फूल न उमलता मान टाकतं, उमललेली तोडली तर दुकानात पोचेपर्यंत पाकळ्या गळतात. जवळच्या हारवाल्याला थोडी उमललेली चालते, लांब पाठवायची असेल तर घट्टच. सूर्य वर यायच्या आधी तोडा, बादली बरोबर न्या, दांडा कापला की लगेच पाण्यात. बांधावर ढीग घालून "नंतर भिजवू" असं करू नका, दांड्यात हवा शिरली की पुढं पाणी चढत नाही. कापताना फांदीवर एका देठाला पाच बारकी पानं असतात असे निदान दोन देठ मागं राहू द्या, पुढची फूट तिथूनच येते. दांडा लांब मिळावा म्हणून बुडाशी कापलं तर आज भाव मिळतो आणि पुढचं फूल उशिरा येतं.

बादल्या दोन-तीन तास सावलीत ठेवा, खालची पानं-काटे काढा, लांबीप्रमाणे वेगळं करा आणि गड्डी बांधा. गड्डीत किती फुलं घालायची ते तुमच्या बाजाराला विचारा, सगळीकडं एक रीत नाही. आत मुकी (न उमलणारी) किंवा वाकडी फुलं लपवू नका, हारवाला गड्डी सोडतोच आणि मग पुढचा महिनाभर तुमच्या मालाला हात लावत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात उभी-आडवी नीट बसवा, खोक्याला भोकं पाहिजेत.

९. दुसऱ्या वर्षी

पहिल्या वर्षी हिशोबाची वही ठेवली असेल, तोडणी, भाव, फेकलेला माल, मजुरी, तर वाढवायचं का नाही हे तीच सांगेल. मेलेल्या झाडांच्या जागा पावसाळ्यात भरून घ्या, पण नवीन कलम त्याच खड्ड्यात लावायच्या आधी जुनी मुळं आणि माती बदला. वाढवायचं ठरलं तर कलमांचं बुकिंग मार्च-एप्रिलमध्येच करून टाका आणि तेव्हाच जाऊन रोपं डोळ्यांनी बघून या, जूनमध्ये गेलात की मुळं पिशवीबाहेर आलेली, उरलेली रोपं गळ्यात पडतात.